दोन इंचांत मावेल एवढेच : दिवाळीच्या अदलाबदलीसाठी चिमुकल्या शोभेच्या वस्तू

सुईदोरा (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. या दिवाळीला हाताने घडवलेल्या चिमुकल्या शोभेच्या वस्तूंची आपसांत अदलाबदल करावी, असे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी भागातील काही सभासदांनी सुचवले होते, म्हणून हा धागा काढत आहे. पद्धत सरळ आहे. बारा जणांनी नावे नोंदवायची, प्रत्येकाने एकाच वस्तूचे बारा नग करून माझ्याकडे पोहोचवायचे आणि मी प्रत्येकाच्या डब्यात सगळ्यांचा एकेक नग भरून डबा परत पाठवायचा. बारा सारखे नग गेले आणि बारा निरनिराळे आले, असा हा व्यवहार आहे. यात पैशांची देवघेव नाही. टपालखर्च ज्याचा त्याने सोसावा.

विषय असा ठेवू या : आपल्या सीमाभागात रोजच्या जगण्यात किंवा सणासुदीला दिसणारी एखादी वस्तू, टांगता येईल अशा रूपात. लांबी, रुंदी किंवा जाडी पाच सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये, वजन वीस ग्रॅमच्या आत असावे आणि टांगायचा फास वस्तूतच बसवलेला असावा. ही बंधने उगाच घातलेली नाहीत. कोणी या वस्तू तोरणात ओवील, कोणी मुलीच्या रुखवतात मांडील, आणि आपल्या कॅम्पातल्या सभासद तर त्या नाताळच्या झाडालाही लावणार आहेत. वीस ग्रॅमचा एक नग हाताला काहीच वाटत नाही, पण असे बारा एका दोऱ्यात ओवले की पाव किलोचे ओझे दोन खिळ्यांवर येते. शिवाय एका नगाला दीड तास लागत असेल तर बारा नगांना अठरा तास लागतील, हा हिशेब नाव देण्यापूर्वीच प्रत्येकाने करावा.

आता मुद्द्याचे. वस्तू लहान करणे म्हणजे ती नुसती आकसणे नव्हे. लांबी निम्मी केली तरी कापडाची जाडी, दोऱ्याचा पीळ आणि आपली बोटे तेवढीच राहतात. त्यामुळे मोठ्या वस्तूतले सगळे बारकावे लहानीत कोंबायला गेलो की गोळा होतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे आधी ठरवावे लागते, आणि खरी कारागिरी तिथेच आहे असे माझे मत आहे.

मी स्वतः ओटीच्या खणाची त्रिकोणी घडी करणार आहे. गुळेदगुड्डचा खण घ्यायचा आणि त्यातही सर्वांत बारीक बुट्टीचा निवडायचा, कारण मोठ्या नक्षीचा खण एवढ्याशा तुकड्यात नुसता डागासारखा दिसतो. पाच सेंटिमीटरचा चौकोन कर्णावर दुमडला आणि तो त्रिकोण पुन्हा मधोमध दुमडला, की पाया पाच आणि उंची अडीच सेंटिमीटर असा त्रिकोण हाती येतो. चौकोनाच्या एका बाजूला खणाचा काठ धरला आणि घडी त्या बेताने घातली, तर तो काठ बरोबर पायाशी येतो आणि खण ओळखू येतो. खणाच्या कडा सुटतात, म्हणून शिंप्याकडचे चिकट पेस्टिंग लावण्याचा मोह होईल, पण चार पदरांत ते फार जाड होते. त्याऐवजी फेविकॉल पाण्यात पातळ करून कापायच्या रेषेवर ब्रशाने ओढावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मग त्याच रेषेवर कात्री चालवावी. कड सुटत नाही आणि पदरही फुगत नाहीत.

बाकीच्यांनी आपापल्या वस्तू सांगाव्यात.


आवा (खानापूर)

सुईदोराताई, माझे नाव घ्यावे. मी मातीचे बैल करीन. निपाणी, चिकोडीकडे ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर होतो, त्या वेळी मातीच्या बैलांची पूजा घरोघरी होते, त्यामुळे हा विषय सर्वांच्या ओळखीचा आहे. पूजेचे बैल कच्च्या मातीचे असतात, पण कच्ची माती टपालाचा प्रवास सोसणार नाही, तेव्हा मी भाजून देईन. आमच्या खानापुरात कुंभारकामाची परंपरा जुनी आहे आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही इथेच आहे, त्यामुळे चांगल्या मातीची अडचण नाही.

मातीत लहान काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहून ठेवतो. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के आकसते. नेमका आकडा मातीगणिक बदलतो, म्हणून आपल्या मातीची दहा सेंटिमीटरची पट्टी भाजून एकदा मोजून घ्यावी. भाजलेला बैल चार सेंटिमीटरचा हवा असेल तर ओला साडेचारच्या जवळपास घडवावा लागतो. एवढा भरीव बैल दहा-बारा ग्रॅमचा होतो, म्हणजे आपल्या मर्यादेत सहज बसतो. टांगायचे भोकही आकसते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ओल्या मातीत बारीक काडीने पाडलेल्या भोकातून भाजल्यावर दोरा जात नाही, म्हणून भोक अंगावर येईल इतके मोठे वाटले तरी तसेच ठेवावे. ते पाडायची वेळ म्हणजे माती अर्धवट वाळून आवळली की. ओली असताना कड फाटते आणि पूर्ण वाळल्यावर तुकडा उडतो.

आणखी एक प्रश्न शिंगांचा. खऱ्या खिलारी बैलाची लांब, मागे वळलेली शिंगे दोन इंचांत करायची म्हटली तर ती काडीइतकी बारीक होतील आणि पहिल्याच डब्यात मोडतील. मी शिंगे आखूड आणि बुंध्याशी जाड ठेवतो, ती वशिंडाच्या दिशेने झुकवून टोके वशिंडाला टेकवतो. त्यामुळे शिंगाला दोन्हीकडून आधार मिळतो. डोळे, नाकपुड्या, खूर हे सगळे गाळतो. वशिंड, शिंगे आणि गळ्याची पोळी एवढे साधले की बैल झाला.

तार मातीतच बसवून भाजायची असेल तर साधी लोखंडी तार वापरू नये, तिचे पापुद्रे सुटतात. तांब्याचीही काळी पडून ठिसूळ होते. बिघडलेल्या विजेच्या शेगडीची नायक्रोम तार मात्र टिकते. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, एवढे बारीक नग हरवून जातात, म्हणून ते एका मोठ्या मडक्यात भरून मडकेच आव्यात ठेवावे.


निपाणीकर

दोन शंका आहेत. पहिली, बाजारात लेझरने कापलेले एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचे, आयते आकार मिळतात. ते आणून रंगवले तर चालेल का? दुसरी, निपाणी म्हटले की तंबाखू आणि विडी आलीच. विड्यांची बोटभर जुडी केली तर गंमत येईल काय?


चिकोडीची काकू

विडीची जुडी नको रे बाबा. या वस्तू लहान मुलांच्या हाती जाणार, कोणाच्या तरी देवघराजवळ टांगल्या जाणार. निपाणीत दुसरे काहीच नाही का?


सुईदोरा (शहापूर, बेळगाव)

काकूंशी सहमत. लेझरच्या आकारांबद्दल माझे मत असे की पाया म्हणून आतला तुकडा यंत्राने कापलेला असला तर हरकत नाही, पण वरून जे डोळ्यांना दिसते ते हाताचे असावे. आयत्या आकारावर आयता रंग फासून बारा नग पाठवले तर बाकीच्या अकरा जणांच्या अठरा-अठरा तासांपुढे ते फार हलके पडतात. शिवाय एमडीएफला दमट हवेत कडेने फुगण्याची खोड असते, आणि आपल्याकडचा पावसाळा आपल्याला ठाऊकच आहे. वापरायचेच असेल तर कडांनाही रंगाचा हात द्यावा, नुसत्या दोन तोंडांना देऊन भागत नाही.


कसूतीवाली (धारवाड, माहेर बेळगाव)

मी मूळची सीमाभागातलीच आहे, म्हणून धारवाडहून लिहिले तरी चालेल असे गृहीत धरते. मी कसूतीचे तुळशीवृंदावन करीन. इरकलीच्या पदरावर आणि खणाच्या चोळीवर आपल्या आज्यांनी जी कसूती मिरवली, तीच.

या कामासाठी कसूती का योग्य आहे ते सांगते. टांगलेली वस्तू वाऱ्याने फिरत राहते. तिची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच दिसते. साध्या भरतकामात मागे गाठी आणि लोंबणारे धागे असतात, मग ते झाकायला मागे दुसरे कापड लावा, ते बसवायला पुन्हा शिवण घाला, असे करत दोन इंचांची वस्तू उशीसारखी फुगते. कसूतीतले गवंती आणि मुर्गी हे दोन टाके मात्र दोन्ही बाजूंनी एकसारखे दिसतात आणि त्यांत गाठ घालत नाहीत, त्यामुळे कापडाचा एकच पदर पुरतो. नेगी आणि मेंथी हे उरलेले दोन टाके मी या कामात मुद्दाम टाळते, कारण त्यांची मागची बाजू पुढच्यासारखी येत नाही.

गवंती म्हणजे धावता टाका जाऊन परत येणे. जाताना एक घर भरायचे आणि एक सोडायचे, आणि परत येताना सोडलेली घरे भरायची. नक्षीत फांदी आली की तिच्या टोकापर्यंत जाऊन, तिची उरलेली घरे भरत मूळ रेषेवर यायचे आणि मगच पुढे सरकायचे. हा मार्ग आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढून ठेवला नाही तर मध्येच दोरा अडकतो आणि मागे लांब उडी मारावी लागते. ती उडी मागून दिसते, म्हणजे कसूतीचा सगळा मुद्दाच गेला. मुर्गी याच रीतीने जातो, फक्त पायऱ्या-पायऱ्यांनी.

आता आकाराचे गणित. कसूती कापडाचे धागे मोजून भरतात, छापून किंवा रेखाटून नव्हे, म्हणून नक्षी लहान करायची तर घरे कमी करायची नसतात, कापड बदलायचे असते. माझे वृंदावन अठ्ठावीस घरे रुंद आहे. इंचाला चौदा घरे असलेल्या आयडा कापडावर ते बरोबर दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या किंचित बाहेर जाते. अठरा घरांच्या कापडावर तेच साधारण चार सेंटिमीटर होते आणि कडेला समासही उरतो. म्हणून अठराचे कापड. चौदाच्या कापडावर सहापदरी धाग्यातले दोन पदर लागतात, तर अठराच्या कापडावर एकच पदर घ्यावा, नाहीतर घरे बुजतात आणि वृंदावनाच्या कोनाड्यात पणती आहे हे कळतच नाही. बावीस घरांचे कापडही मिळते, पण बारा नग त्यावर भरायचे म्हणजे डोळ्यांशी वैर. मी ते कोणाला सुचवणार नाही.

कडेला नक्षीपासून एक-दोन घरे सोडून चारही बाजूंना काजटाका घालावा आणि मग त्याच्या बाहेरून कापावे. फास काजटाक्याच्या वरच्या कोपऱ्यातूनच काढावा, म्हणजे वेगळी शिवण लागत नाही.


सुईदोरा (शहापूर, बेळगाव)

फिरणाऱ्या वस्तूला दोन तोंडे असतात, हा ताईंचा मुद्दा सर्वांनी मनावर घ्यावा. माझ्या खणाच्या त्रिकोणालाही मागे घडीचे पदर उघडे पडतात. तिथे मी दोन टाके घालून एक काचमणी बसवीन.


अथणीकर

आमच्याकडे चामड्याचे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. कोल्हापुरी चप्पल नुसती कोल्हापूरची नाही, हे इथे बहुतेकांना ठाऊक असेल. भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, आणि अथणी, निपाणी परिसरात हे काम आजही होते. तेव्हा मी चपलांचा जोड करीन. एक जोड म्हणजे एक नग धरावा.

बाहुलीघरे करणारे लोक एकास बारा हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने सव्वीस सेंटिमीटरची चप्पल जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरची होते. ते करता येते, पण पट्ट्यावरची वेणी त्यात दिसत नाही, आणि वेणी नसेल तर ती कोणतीही चप्पल होईल. म्हणून मी लांबी चार सेंटिमीटर ठेवणार आहे. आपल्याला बाहुलीघर सजवायचे नाही, तोरण सजवायचे आहे. इथे प्रमाणाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र भागांचे आपसांतले प्रमाण सांभाळावे लागते. चपलेचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, आणि अंगठा तळाच्या मानाने किंचित मोठे ठेवले तरच लांबून ओळखू येतात.

खरा त्रास जाडीचा. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे मूळचेच जाड असते. तळाला एवढे जाड चामडे चार सेंटिमीटरच्या चपलेत लावले तर ती खडावेसारखी दिसेल. रापीने, म्हणजे चामडे तासायच्या हत्याराने, आतल्या, मांसाकडच्या बाजूने तासत तासत ते एक मिलिमीटरच्या आसपास आणावे लागते. चामडे आधी किंचित ओलसर केले तर रापी सरळ जाते, कोरडे असले की खड्डे पडतात. तळाला खऱ्यासारखेच दोन पदर द्यावेत, त्यांच्यामधली कडेची रेष दिसली पाहिजे. खऱ्या चपलेचे पदर चामड्याच्या वादीने शिवतात, पण एवढ्या लहान कामात वादी जाड पडते, म्हणून मेण लावलेला सुती दोरा घेतो आणि आरीने भोके आधी पाडून घेतो. वेणी मात्र चामड्याचीच, तीन पदरांची. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्या धारदार पात्याने पोलादी पट्टीला धरून एका झटक्यात कापल्या तरच सारख्या येतात. पात्याची धार दर काही पट्ट्यांनंतर बघावी. वर लाल गोंडा.

गोंद वापरावा की नाही यावर पुढे वाद होणारच, म्हणून आधीच सांगतो. मी दोन पदर एकमेकांवर सरकू नयेत म्हणून एक थेंब लावतो, पण धरून ठेवण्याचे काम टाक्यांचे आहे.


चिकोडीची काकू

काम फार सुंदर होईल यात शंका नाही. पण अथणीकर, राग मानू नका, तोरण दारावर असते, कधी देवघरावर असते. तिथे पायताण कसे टांगायचे?


अथणीकर

काकू, तुमचे म्हणणे रास्त आहे. पण नजर लागू नये म्हणून ट्रकच्या मागे चप्पल बांधतातच की नाही? तरीही प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी असते, म्हणून मी फासाऐवजी किल्ल्यांची कडी लावून देतो. ज्यांना तोरणात नको असेल त्यांनी ती किल्ल्यांना किंवा मुलांच्या दप्तराला लावावी. सुईदोराताई, कडी वस्तूतच बसवलेली आहे, त्यामुळे नियमात बसते असे धरतो.


सुईदोरा (शहापूर, बेळगाव)

बसते.


हिराची काडी (अनगोळ, बेळगाव)

मी पारंपरिक आकाशकंदील करणार आहे, चांदणी नव्हे. कामट्यांचे सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधून जो कंदील होतो, तोच. लहानपणी किल्ला आणि कंदील या दोन गोष्टींशिवाय बेळगावात दिवाळीची सुट्टी पुरी होत नसे, आणि किल्ला वीस ग्रॅममध्ये बसणार नाही.

दोन इंचांत बांबूच्या कामट्या निरुपयोगी ठरतात, कारण एवढ्या बारीक तासल्या तर कुसळे सुटतात. त्याऐवजी नारळाच्या झापाचे हीर घ्यावेत, म्हणजे आपल्या खराट्याच्या काड्या. टोकाकडचा बारीक भाग घ्यावा, बुंध्याकडचा चपटा असतो. सहा चौकोनांना चोवीस काड्या लागतात. बांधून झाल्यावर चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळ्या काड्या लागत नाहीत. या आकाराचा एक सोयीचा गुण असा की समोरासमोरच्या दोन टोकांमधले अंतर काडीच्या बरोबर दुप्पट असते. मी काडी चौदा मिलिमीटरची घेतो, म्हणजे कंदील टोकापासून टोकापर्यंत अठ्ठावीस मिलिमीटरचा होतो आणि खाली शेपट्यांना दोन सेंटिमीटर उरतात. हे आधी कळले की कागदावर मापे काढत बसावे लागत नाही.

चोवीसही काड्या सारख्या लांबीच्या असणे हेच या कामातले सर्वस्व आहे. एखादी काडी अर्ध्या मिलिमीटरने लांब निघाली तरी मोठ्या कंदिलात ते खपून जाते, इथे मात्र सगळा सांगाडा एका बाजूला कलतो. म्हणून एक फर्मा करावा. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे काटकोनात चिकटवावेत, चौदा मिलिमीटरवर खाच पाडावी, काडी भिंतीला टेकवावी आणि खाचेत पाते दाबावे. बारा कंदिलांच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी काड्या एकाच बैठकीत कापून डबीत भरून ठेवाव्यात. काही मोडतात, म्हणून थोड्या जास्तच कापाव्यात.

चौकोन बांधायचे नाहीत, चिकटवायचे. मेणकागदाखाली चौकटीच्या कागदाची छाप ठेवून वर चार काड्या मांडाव्यात आणि कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाने गोंद ठेवावा. सहा चौकोन वाळल्यावर ते एकमेकांना मात्र दोऱ्याने बांधावेत. असे बारा सांधे येतात. दोऱ्याचा सांधा किंचित हलतो, त्यामुळे शेवटचा चौकोन बसवताना सांगाडा हाताने सरळ करता येतो. नुसत्या गोंदावर भिस्त ठेवली तर शेवटचा चौकोन कधीच जागेवर येत नाही.

कागद पतंगाचाच घ्यावा. कार्डशीट जाड पडते आणि जिलेटिनला फेविकॉल धरत नाही. आधी चौकोन एका रंगाने मढवावेत आणि मग त्रिकोण दुसऱ्या रंगाने. कागद कापताना काडीच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडावे आणि ते आत वळवून चिकटवावेत. वाळल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा दिला की पतंगाचा कागद ताणला जातो, सुरकुत्या जातात. फवारा जास्त झाला तर रंग सुटतो, तेव्हा आधी तुकड्यावर करून पाहावे. शेपट्या झिरमिळ्यांसारख्या कापाव्यात, पण फार बारीक नकोत, टपालात त्यांचा गुंता होतो.


गोकाकवासी (सध्या पुणे)

धागा वाचून राहवले नाही. गोकाकची लाकडी फळे आणि भाज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की हलके लाकूड, वर लेप आणि रंग एवढ्या भांडवलावर आमचे कारागीर अशी मिरची करतात की हात लावेपर्यंत खोटी वाटत नाही. माझ्याकडे पुण्यात ते लाकूड नाही आणि हत्यारेही नाहीत, म्हणून मी कागदाच्या लगद्याची फळे करीन. चिक्कू, वांगे आणि लाल मिरची एका दोऱ्यात, असा एक नग.

लगद्याचे काम आपल्या घरांत होतेच. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचे पीठ मिसळून टोपल्या लिंपायची रीत अजून काही घरांत टिकून आहे. मेथीमुळे लगदा चिकटही होतो आणि त्याला कीडही लागत नाही. मोठ्या टोपलीला भरडा लगदा चालतो, पण दोन सेंटिमीटरच्या वांग्याला तो दाण्यादाण्यांचा दिसतो. म्हणून तो मिक्सरमधून काढून, कापडात पिळून, मग मेथी घालावी. आकार दिल्यावर सावलीत वाळवावे आणि वाळल्यावर पॉलिशपेपरने घासावे. घासल्यानंतर चिंचोक्याच्या खळीत खडूची वस्त्रगाळ पूड कालवून तिचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर पुन्हा घासावे. खरी तकाकी इथून येते. वरचे व्हार्निश फक्त ती राखते. वांग्याच्या देठाला लवंग खोचावी. तिचा आकारच तसा आहे, आणि वासही राहतो.

फेविकॉल की खळ, असे कोणी विचारले तर माझे मत खळीच्या बाजूने आहे, कारण ती घासली जाते. फेविकॉलचा थर पॉलिशपेपरखाली रबरासारखा गोळा होतो. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. ते विषारी असते, तेव्हा मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूंत कोणीही घालू नये.


आवा (खानापूर)

गोकाकवासी, लगदा पुण्याच्या हवेत वाळेल. आमच्याकडे भाद्रपदातही भिंतींना ओल असते. बेळगाव-खानापूरकडच्या ज्या सभासदांना लगदा, कागद किंवा चामडे यांचे काम करायचे आहे, त्यांनी ते नवरात्रानंतरच हाती घ्यावे, किंवा वाळवायला तरी उघडिपीचे दिवस निवडावेत. घाईने चुलीजवळ वाळवले की बाहेरून टणक आणि आतून ओले राहते, आणि महिन्याभरात बुरशी येते. मातीचेही तेच. बाहेरून पांढरट दिसणारा बैल आतून ओला असला तर आव्यात वाफेने फुटतो आणि शेजारचे चार घेऊन जातो. गालाला लावून बघावा. थंड लागला तर अजून ओला आहे.


निपाणीकर

विडी सोडून दिली. मी दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज करीन, हिराच्या काडीने तो वीस ग्रॅममध्ये बसत नाही म्हटले असले तरी. गोकाकवासींच्या रीतीने लगद्याचा, आतून पोकळ, वर काडीपेटीच्या काडीवर भगव्या कापडाचा झेंडा. पोकळ ठेवण्यासाठी आत थर्माकोलची गोळी ठेवू का?


गोकाकवासी (सध्या पुणे)

ठेवता येईल, पण लगदा वाळताना आकसतो आणि गोळी आकसत नाही, त्यामुळे भेगा पडतात. लगदा गोळीवर अर्धवटच वाळू द्यावा, मग पात्याने उभा चिरून गोळी काढावी आणि दोन्ही अर्धे खळीने जोडावेत. भेग पडली तर बुरुजाला ती शोभेलच म्हणा. झेंड्याची काडी लगदा ओला असतानाच खोचावी.


सुईदोरा (शहापूर, बेळगाव)

आतापर्यंत सहा वस्तू ठरल्या आहेत : खण, बैल, तुळशीवृंदावन, चपलांचा जोड, कंदील आणि फळे. बुरूज धरला तर सात. अजून पाच जागा आहेत. चिकोडीच्या काकू, तुम्ही नुसते बोलून सुटणार नाही, तुमचे हलव्याचे दागिने सगळ्या चिकोडीत प्रसिद्ध आहेत.

नग कोजागरीपर्यंत माझ्याकडे यावेत, म्हणजे मला डबे भरायला चार-पाच दिवस मिळतील आणि वसुबारसेच्या आत ते सर्वांना पोहोचतील. भरणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. बारा नग एका पिशवीत घालून पाठवू नयेत. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे कापला की बारा खण आयते मिळतात, आणि पाच सेंटिमीटरची वस्तू त्यात बहुतेक बसते. बैलांसाठी प्रत्येक खणात कापूस घालावा आणि शिंगांच्या बाजूला जास्त घालावा. कंदिलांना कापूस लावू नये, तो काड्यांना चिकटतो. त्यांना टिश्यूपेपरात सैल गुंडाळावे. ट्रे पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवून हलवून बघावा. आत काही खडखडले तर भरणी पुन्हा करावी. प्रत्येक नगाला लहान चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर आपले इथले नाव, गाव आणि वस्तू कशाची आहे एवढे लिहावे. खळ किंवा मेथी वापरली असेल तर तेही लिहावे, कारण काहींना मेथीचा वास सोसत नाही.

फासाचा दोरा सर्वांनी सारखाच ठेवावा अशी विनंती आहे. आठ सेंटिमीटरचा दुहेरी, पक्की गाठ मारलेला. कोणाचा लांब आणि कोणाचा आखूड झाला तर तोरणात वस्तू एका रेषेत येत नाहीत आणि मग प्रत्येकाला घरी बसून बारा गाठी सोडाव्या लागतात.


चिकोडीची काकू

हलव्याचे दागिने मी संक्रांतीलाच करते, आश्विनात नाही. पावसाळी हवेत साखर पाझरते, हलव्याला काटा येत नाही, आणि चार दिवसांत तोरणाला मुंग्या लागतील. पण माझे नाव धरा. काचमण्यांचा, अर्ध्या बोटाएवढा हळदीकुंकवाचा करंडा करीन, झाकण उघडणारा. झाकणाला बिजागरी म्हणून मण्यांतूनच दोरा दोनदा फिरवते, वेगळी कडी लागत नाही. फक्त एवढे सांगा, आत खरे कुंकू भरून पाठवू की नको? टपालात सांडले तर सगळ्यांचे खण लाल होतील.


सुईदोरा (शहापूर, बेळगाव)

रिकामाच पाठवा काकू. ज्याचे त्याने घरी भरून घ्यावे.